सत्तावीस नंबरची चिठ्ठी

नेफ्ता, ९ नोव्हेंबर

चि. वसीलास, मब्रूकाताईचे अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी अंगण झाडलं, कोंबड्यांना दाणे टाकले, चहा ठेवला आणि पेले दोन काढले. सालेमला जाऊन चार वर्षं झाली, तरी एक पेला रोज परत ठेवावा लागतो. मग खजुराच्या कारखान्यात गेले, तर दारात तक्रारींची हिरवी पेटी. आमचे मालक मुनीरसाहेब म्हणाले, मन मोकळं करा, नाव लिहू नका, भिऊ नका. पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात होती.

आमच्या टेबलावरच्या हनीयाला सातवा महिना आहे. आम्ही सहाला खजूर निवडायला बसतो आणि संडासाचं कुलूप निघतं बाराला. तिला लिहिता येत नाही. मी पुड्यांचे कागद वाचत शिकलेली, म्हणून मला म्हणाली, काकू, तुम्हीच लिहा. मी लिहिलं, ‘संडासाचं कुलूप काढा.’ कागद तिच्याच खिशातला. प्रत्येक खोक्यात निवडणारीच्या नंबराची चिठ्ठी टाकतात ना, तसलीच एक. मागची बाजू कोरी होती. पुढे सत्तावीस छापलेलं. रोज दोनशे चिठ्ठ्या हाताखालून जातात, मला तो आकडा दिसलाच नाही.

काल बक्षिसं वाटली. ‘साहेब फार राबतात, आम्हाला काळजी वाटते’ या परखड तक्रारीला पहिलं बक्षीस मिळालं, खजुराचं खोकं. मग साहेब मायेनं म्हणाले, “राग नाही हं. सत्तावीस नंबरनं महिनाअखेरपर्यंत घरी बसून विचार करावा. पुढचं आम्ही ठरवू.”

हनीयानं माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प बसले.

मुलांना गोड पापा. माया असू दे.

तुझी ताई

ट्यूनिस, १४ नोव्हेंबर

ती. मब्रूकाताईस, वसीलाचा सलाम. वि. वि.

फोनवर मेसेज न टाकता पत्र लिहिते आहे, कारण फोनवरचं कोण वाचतं ते मला ठाऊक आहे. आमच्या कंपनीच्या ‘खुला मंच’ गटावर मीच वाचते. गेल्या महिन्यात बत्तीस जणांनी मन मोकळं केलं. त्यातली तीस मतं मी पुसली. उरलेली दोन म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

तेव्हा अनुभवानं सांगते, तू गप्प राहा. तुझं अक्षर कुणी ओळखत नाही. भावोजींचा हट्ट तुझ्यात उतरलाय, तो या वयात कामाचा नाही. हनीयाला थोडा रवा पाठव, म्हणजे झालं.

रागावू नकोस.

तुझी वसीला

नेफ्ता, २० नोव्हेंबर

चि. वसीलास, आशीर्वाद.

पत्र पोचलं. रवा घेऊन गेले. हनीया उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, “काकू, इथे निदान संडास उघडा असतो.” आणि हसली. मला हसू आलं नाही.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू तीस पुसलीस हे तू मला लिहिलंस, म्हणजे तुलाही कुठेतरी सांगायचं होतंच. रागावले नाही. सालेम खजुराच्या झाडावर चढताना खाली उभ्या माणसाला ओरडून सांगायचा, वर मी आहे म्हणून. तेवढंच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या एकोणीस नंबरच्या चिठ्ठीवर ‘संडासाचं कुलूप काढा’ हेच पुन्हा लिहिलं, ‘सत्तावीसची चिठ्ठीही मीच लिहिली’ असं खाली जोडलं, पूर्ण नाव घातलं, आणि खजुराच्या पाकानं ती पेटीच्या बाहेरून चिकटवली.

तुझी मब्रूकाताई