टेलरबाईंची सिगारेट मी सोडवली

३ मार्च, सोमवार
सिगारेट बंद. सर्जनने स्पष्ट सांगितलं, चार आठवडे ओढली नाही तरच ३१ तारखेला फुफ्फुसातली गाठ काढणार. चार आठवडे म्हणजे किस झाड की पत्ती. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आहे, ब्रेक कधी दाबायचा हे मला कोणी शिकवू नये. तरी हॉस्पिटलने सक्तीने क्लासला बसवलं. विषय : भावना सांभाळून सिगारेट सोडणे. मॅडम आमच्या धाकटीच्या वयाची.

४ मार्च, मंगळवार
क्लास. आठ पेशंट, प्लास्टिकच्या खुर्च्या, गोल करून. मॅडम म्हणाल्या, तलफ आली की आधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय वाटतंय? राग, कंटाळा, भीती? तिला नाव द्या, दहा श्वास मोजा. सगळ्यांनी आपापली भावना सांगितली. मी सांगितलं, मला काहीच वाटत नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं, बहुधा कौतुकाने.

मग जोड्या लावल्या. तलफ आली की जोडीदाराला फोन करायचा. माझ्या वाट्याला टेलरबाई. त्यांचीही गाठ फुफ्फुसातच, दिवसाला वीस सिगारेटी, बोलणं जेमतेम. केस अवघड आहे. पण क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळणाऱ्यांनाही मी लायसन्स मिळवून दिलं आहे.

६ मार्च, गुरुवार, सकाळी ११
टेलरबाईंचा पहिला फोन. गिऱ्हाइकाने कोट तिसऱ्यांदा परत आणला म्हणून तलफ. मी गॅलरीत उभं राहून वीस मिनिटं समजावलं. हा राग आहे, रागाला राग म्हणा, श्वास मोजा. त्यांनी नाही ओढली!

मी एक ओढली. शिकवताना माझ्या हातात सिगारेट लागतेच. शिकाऊ माणूस गाडी चालवणार आणि मी खिडकीबाहेर धूर सोडणार, ही जुनी पद्धत. तो कामाचा भाग झाला. मोजायची नाही.

१० मार्च, सोमवार
बाईंचे दिवसाला पाच फोन. म्हणजे माझ्या सिगारेटी पाच. दुसऱ्याच्या भल्यासाठी माणसाने झिजावं. स्वतःसाठी एकही ओढलेली नाही, हे इथे नमूद करतो.

हिला कुंडीत थोटकं सापडली. वरच्या मजल्यावरचा टाकत असेल, म्हणालो. वरचा मजला चार महिने रिकामा आहे, असं ही म्हणाली. संशयी स्वभाव. खरं तर हिलाच क्लासला पाठवायला हवं.

१४ मार्च, शुक्रवार
क्लासमध्ये बाईंनी सांगितलं, आठवड्यात एकही नाही. टाळ्या. मीही विनयाने मान लववली. मॅडमनी विचारलं, तुमचं काय, ऑपरेशनची भीती वाटते का? मी हसलो. हसताना ढास लागली, त्यामुळे उत्तर राहून गेलं.

२० मार्च, गुरुवार, दुपारी ४
बाईंचा फोनच नाही. शेवटी मीच केला. तलफ आली असेल तर संकोच करू नका, म्हणालो. आली नव्हती. तरी पाऊण तास मार्गदर्शन केलं. तीन लागल्या.

२८ मार्च, शुक्रवार
चाचणी. यंत्रात फुंकायचं, आकडा सहाच्या आत हवा. टेलरबाई दोन. मी एकवीस. यंत्र बिघडलंय, म्हणालो. मॅडमनी दुसरं आणलं. बावीस.

माझी ३१ तारीख टेलरबाईंना दिली.

निदान आभार मानतील म्हणून कॉरिडॉरमध्ये थांबलो. मानलेही. म्हणाल्या, "सर, तुमचं बोलणं काही माझ्या डोक्यात राहायचं नाही. पण तलफ आली की तुमचा खोकला ऐकायचे, मग काडी ओढायची हिंमतच व्हायची नाही. त्यासाठीच फोन करायचे."

 

३१ मार्च, सोमवार
बाईंचं ऑपरेशन नीट झालं. मला पुन्हा चार आठवडे. हिने सर्जनला विचारलं, तोवर गाठ वाढली तर? वाढू शकते, म्हणाले. मला भीती वाटते आहे. फार वाटते आहे.

संध्याकाळी मॅडमचा फोन. नव्या तुकडीतला एक जोडीदार देऊ का, विचारत होत्या. मी एवढंच विचारलं, त्यांना खोकला आहे ना?