आई आणि बोई मासे

प्रिय ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होतो, आणि आईने तो ‘बरं, बरं’ करत उरकला. आपल्या घरात फोनवर कुणालाच धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आज छापखान्याला सुट्टी आहे. आई आतल्या खोलीत कपाट आवरतेय. माझं अक्षर लागलं नाही तर भावजींना वाचायला दे. डॉक्टर माणूस, त्यांना असल्या अक्षराची सवय असेल.

तू आईला शेवटचं पाहिलंस ते बाबा गेल्यावर. भिंतीकडे तोंड करून पडलेली, ताट तसंच बाजूला. सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिवणाचं मशीन तर तिने आधीच झाकून ठेवलं होतं. निघताना जिन्यात तू माझा दंड धरलास आणि म्हणालीस, ‘अरे, ही आपल्या हातातून चाललीय.’ मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

पुढे इथल्या डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. कडू औषध घ्यावं तशा चेहऱ्याने ती बर्फाच्या कारखान्यामागच्या धक्क्यापर्यंत जाऊन यायची. एकदा पक्ष्यांना टाकलेला शिळा पाव पाण्यात पडला आणि खालून बोई मासे वर आले, झुंडीने. त्या दिवशी जेवताना ती आपणहून बोलली. म्हणाली, ‘ते चावत नाहीत रे. आधी ओठांनी चाचपतात, गिऱ्हाईक कापड चाचपतं तसं. पसंत पडलं तरच घेतात.’ माझा घास हातातच राहिला. कित्येक दिवसांत तिने एवढी सलग वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती.

मग तिने बाबांची गळाची काठी काढायला लावली. ती मोठ्या माशांची. गळ हा एवढा आणि त्याला बांधलेला तंगूस दोरखंडासारखा. तिने ती हातात तोलली आणि परत ठेवली. ‘याने बोई हसेल मला,’ म्हणाली. मी तिला एक हलकी, वेतासारखी वाकणारी काठी आणून दिली, केसासारखा बारीक तंगूस आणि नखाएवढे गळ. कारखान्याचे पहारेकरी काका रोज तिथेच असतात. ते म्हणाले, ‘वहिनी, बोई जाळ्यात येते. गळाला बोई लागली तर मी मिशी उतरवीन.’ आईने फक्त मान डोलावली. तुला तिची ती मान माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, हे कापड पुरणार नाही, तेव्हा ती अशीच डोलवायची, आणि मग पुरवायची.

गळ तिने लगेच टाकलाच नाही. बरेच दिवस नुसती भरतीच्या वेळी जाऊन धक्क्याच्या एकाच पायरीवरून पावाचा चुरा टाकत राहिली, मासे तिच्या सावलीला बुजेनासे होईपर्यंत. मग पाव भिजवून, मळून त्याची वाटाण्याएवढी गोळी केली आणि गळ तिच्यात पार झाकून टाकला. पहिली बोई लागली तेव्हा तिने हिसका दिला आणि मासा सुटला. त्यांचे ओठ फार नाजूक असतात, लगेच फाटतात. घरी आल्यावर ती हळहळत राहिली. ‘फाडलं मी त्याचं तोंड. सबंध जन्म नाजूक कापड हाताळलं आणि आज असा हात कसा सुटला?’ त्यानंतर हिसका नाही. मनगट जरासं उचलायचं, बस. गंमत म्हणजे तिला अजूनही सुईत दोरा ओवता येत नाही, पण गळाची गाठ ती बोटांनी चाचपून, पाण्यावरची नजर न हलवता मारते.

मागच्या महिन्यात मी बरोबर होतो तेव्हा मोठी बोई लागली. ती सरळ धक्क्याला बांधलेल्या होडीच्या दोराकडे पळाली. तिथे तंगूस अडकला की संपलंच. आईने चपला काढल्या आणि काठी उंच धरून धक्क्याच्या कडेने चालायला लागली. मासा ओढेल तेवढा तंगूस सोडायचा, दमला की गोळा करायचा. काठी पार वाकली तेव्हा मला राहवेना, मी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘हात लावू नकोस. तुटायचा असेल तर माझ्या हातून तुटू दे.’ शेवटी काकांनीच पायरीवर पालथं पडून दांड्याची जाळी माशाखाली सारली. आई तिथेच ओल्या दगडावर मटकन बसली आणि खूप हसली. काकांनी चाचरत मिशीचं विचारलं तर म्हणाली, ‘राहू द्या. चेहऱ्यावर तेवढी एकच गोष्ट बरी दिसतेय.’ ताई, मी आपल्या आईला अशी कधी पाहिलीच नव्हती. बाबा असतानासुद्धा नाही.

आता ती पोटभर जेवते, माझ्यावर ओरडते, आणि बर्फ फोडणाऱ्या दोघीतिघी तिच्याकडे शिकायला येतात.

काल संध्याकाळी काका छापखान्यात आले आणि माझ्या टेबलावर तिची काठी ठेवली. ‘तुझ्या आईने मला देऊन टाकली. म्हणते, मुलीकडे चाललेय, तिथे कुठे पाणी. पण मी काही ही ठेवून घेणार नाही,’ एवढं बोलून निघून गेले. घरी येऊन पाहिलं तर तिची बॅग भरून तयार. तुझ्याकडची खोली तू रंगवून ठेवलीस, तिला न्यायला स्वतः येतेयस, तिकिटं काढलीस, हे सगळं तिने मला फार कौतुकाने सांगितलं. मी विचारलं, ‘तुला जायचंय का?’ तर बॅगेची चेन लावत म्हणाली, ‘पोर एवढ्या मायेने बोलावतेय. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?’ म्हणून ते ‘नाही’ मी लिहितोय. तिला हे ठाऊक नाही. तू मात्र ठरल्याप्रमाणे ये, फक्त परतीचं तिचं तिकीट रद्द कर. आणि ते जमत नसेल, तर निदान एका सकाळी भरतीला तिच्याबरोबर धक्क्यावर जा आणि ती पाण्याकडे कशी बघते ते बघ. त्यानंतरही तिला न्यावंसं वाटलं, तर बॅग मी स्वतः खाली आणून देईन.

तुझाच,
धाकटा