हाकेआधी काढलेली पाचर

पिंपरी,
ता. १७ ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप दादास,

दत्तूचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुझा पाय ठणकायचा थांबला का? शालनवहिनीला म्हणावं, रोज शेक देत जा.

कारखान्यात औषधाच्या बाटल्यांसाठी खोकी ठोकतो. समुद्रात जाणारे मचवे बांधणाऱ्याच्या घरात जन्मून खोकी ठोकतोय बघ! खोलीत आम्ही तिघं, तिघांच्या पाळ्या वेगळ्या. बोलायला कुणी जागं सापडत नाही. आठवडा आठवडा 'भाजीत मीठ कमी पडलं' एवढंसुद्धा कुणाला म्हणत नाही. फार एकटं वाटतं रे, दादा.

दसऱ्याला सुट्टी होती. इंद्रायणीकाठी निघोजे गावात नवी नाव पाण्यात सोडणार असं कळलं, तसा चालत गेलो. आणि बघतो तर काय, या लोकांनी नावेला बैल जुंपलेले! बैल पाण्याशी आले आणि अडले. ओढ ओढ ओढले, शिव्या घातल्या, हलतील तर शपथ. मला राहवेना. म्हटलं, "अहो, बैल सोडा. खाली ओंडके घाला, त्यांना तेल चोपडा, मागून दोर धरा." दौलतराव नावाचे म्हातारे शेतकरी हसले. "कोकणातले दिसताय. मग तुमीच सोडा की नाव!"

सगळं मांडून दिलं. नाव अडवून धरणारी शेवटची पाचर काढायला त्यांनी हातोडा माझ्या हाती दिला, आणि माझा हातच उठेना. "मला नाही जमणार," म्हटलं. पाचर त्यांनीच काढली. नाव अलगद पाण्यात गेली, बायका ओवाळायला धावल्या, कुणीतरी माझ्या हातावर गूळखोबरं ठेवलं. मी पिंपरी येईपर्यंत रडत होतो.

तू लिहिलंस, 'दिवाळीच्या पाडव्याला नवा मचवा सोडायचा आहे, पण दोरावर भैरूकाका नको, त्यांनीच माझा पाय घालवला.' तीन वर्षं तू हेच म्हणतोस आणि मी गप्प बसतो.

दादा, त्या दिवशी मचवा सोडताना काकांच्या हातून दोर सुटला नव्हता. दोर खुंट्याला गुंडाळून त्यांनी हाक दिली की मगच पाचर काढायची, ही आपली रीत. सगळं गाव जमलं होतं, मला मिरवायचं होतं. हाक यायच्या आधीच मी घाव घातला. ढोलांच्या आवाजात हाक आली की नाही, कुणाला कळणार! तू अजून मचव्याखाली होतास, त्यातच तुझा पाय सापडला. काका दोरासकट फरपटत गेले, तळहाताची सालटी निघाली, आणि सगळ्यांनी दोष त्यांनाच दिला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. पण माझं नाव कुणाला सांगितलं नाही. मी पगारासाठी पिंपरीला आलो नाही, पळून आलो.

पाडव्याला मचवा सोडायच्या आधी हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. काका आपणहून येणार नाहीत, घरी जाऊन घेऊन ये. दोर त्यांच्याच हातात दे.

मला घरी ये म्हणायचं की नाही, ते तू ठरवू नकोस. काकांना विचार.

ज्याने तुझा पाय घालवला तो,
तुझा धाकटा भाऊ
दत्तू