विहिरीतल्या औषधाचं गणित

६ सप्टें., अमरावती
दादाचा तेल्हाऱ्याहून फोन. फवारणीच्या औषधाची भरली बाटली विहिरीत पडून फुटली. दादाच्या लेकराच्या हाती लागू नये म्हणून विहिरीच्या कपारीत ठेवतात आमच्याकडे! आबांपासूनची अक्कल. प्यायचं पाणी तेच, भाजीच्या मळ्यालाही तेच.
"तू यातच पीएचडी करून राहिली ना? सांग मंग."
हो रे बाबा. चुन्याने औषध पाण्यात किती वेगाने नासतं, तेच गणित मांडते मी. आजवर दुसऱ्यांच्या पाण्याचं.

७ सप्टें.
उपसावं तर नाल्यात जाईल, खाली जनावरं पितात. चुना किती टाकायचा ते काढून दिलं. कागदावर औषधाचा आलेख झकास उतरतोय. आई शेजारच्या मळ्यातून पाणी वाहते. गुडघे दुखतात म्हणे.

१५ सप्टें., अकोला
दादा चुना टाकलेल्या पाण्याचा नमुना घेऊन आला, तपासायला दिला. जठारपेठेत त्याच्या भाजीच्या जागेवर दुसराच बसलेला. नेहमीची एक बाई म्हणाली, "काहून भाऊ, मेथी नाही आणली?" नुसता हसला. त्या पाण्यावरची भाजी विकायची कोणाला? शेतातच सडतेय.

१८ सप्टें.
रिपोर्ट. माझ्या आकड्याच्या कितीतरी वर. सर म्हणाले, "काचेच्या भांड्यात आपण ढवळतो. विहीर कोण ढवळतं? आणि तळाचा गाळ धरलास का?"
नाही धरला. गाळ औषध शोषतो नि हळूहळू सोडत बसतो. त्या विहिरीत पोहायला शिकले मी, पायाला लागलाय तो गाळ. तरी सुचू नये? धन्य.

२१ सप्टें.
गाळ धरून पुन्हा. पण किती धरू? थोडा धरला तर दिवाळीपर्यंत पाणी चांगलं होतं. जास्त धरला तर उन्हाळाही पुरत नाही.
दादा : "शून्य कधी होईन, तेवढं सांग."
शून्य होत नाही रे, कमी कमी होत...
"मंग कायले शिकली एवढं?"
फोन ठेवला त्याने. खूप रडले.

२५ सप्टें.
आईचा फोन, दादा घरी नसताना. हळू आवाजात.
"त्याले सांगू नको. मी पेऊन राहिली विहिरीचं. सकाळी एक गिलास. काई झालं नाई मले."
मी किंचाळलेच. काही दिसत नाही म्हणजे काही होत नाही असं नाही, आई!
"अवं, तुयं गणित अडलं ना. कोनी पेल्याबिगर कसं समजन? लेकरापेक्षा मी बरी."
दवाखान्यात जा म्हटलं. कायले, म्हणे. मीच सकाळच्या गाडीने निघते. तोवर पिणार नाहीस ना, विचारलं.
"नाई पेत," म्हणाली. घरात भाकरी उरली नसली की "जेवली मी" म्हणते ना, त्याच आवाजात.