उलटा फिरवलेला कोट

ता. ४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि भेटल्यावर एक कानपिळी.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी रागवायला लागले की तुझ्याकडचं नेट जातं.

काल बेकरीवाली दुकानात स्कर्ट आखूड करून घ्यायला आली आणि माझा हातच धरून बसली. सोडेचना. मला वाटलं, बाईच्या घरी काही बरंवाईट झालं. तर म्हणे, मी रोज यांचा कोट शिवते ते बघून तिच्या घरी सगळे रडले. मग तिच्या फोनवर तिनं मला मीच दाखवली. मागे व्हायोलिन, खाली तुझी अक्षरं: चार वर्षं झाली, मावशी अजून रोज त्यांचा कोट शिवते.

भिंगरे, तुझे काका जाऊन चार वर्षं झाली, एवढंच त्यात खरं. तू आली होतीस त्या दिवशी कोट मी पहिल्यांदा कपाटाबाहेर काढला होता. आणि मी शिवत नव्हते, उसवत होते. नीट बघ, दोरा जमिनीवरून आपणहून उठतो आणि कोटात जाऊन बसतो. बावीस वर्षं शिवणाचं दुकान चालवते आहे, इतका आज्ञाधारक दोरा मला कधी भेटला नाही. तू व्हिडिओ उलटा फिरवलास.

आणि माझा आवाज कुठं गेला? मी त्या वेळी यांना चांगलं फैलावर घेत होते. लिफ्ट दुरुस्त करून आले की उरलेले स्क्रू खिशात. खिशांची चाळण करून ठेवली होती. ते सगळं पुसून तू मला गरीब गाय केलंस.

आता गिऱ्हाइकं माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. मला त्या कोटाची वाचनालयात न्यायला पिशवी करायची होती. तो अर्धा उसवलेला पडून आहे. कात्री घेतली की वाटतं, एवढी सगळी माणसं बघताहेत आणि म्हणताहेत, अगं, शीव, शीव. जे उसवायला मला चार वर्षं लागली, ते तू एका बोटानं परत शिवून टाकलंस.

तुझ्या आईला काही कळवलेलं नाही. ताई उगाच ओरडेल, आणि या खेपेला ओरडायचा हक्क माझा आहे.

लोभ आहेच, सध्या जरा चुरगळला आहे. इस्त्री तू करायची.

तुझी
मावशी

ता. १० नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. यातलं साष्टांग खरोखरचं समज, उठायची हिंमत नाही.

चुकले. पण का चुकले तेही सांगते, नाहीतर तू म्हणशील, नुसती माफी मागून मोकळी झाली. उसवणारी बाई दाखवली तर लोक अंगठ्यानं सरकवून पुढं जातात. शिवणारी असली की थांबतात. मी उलटं फिरवून पाहिलं आणि मलाच रडू आलं. आपल्याला रडू आलं म्हणजे ते खरं, असं मला वाटलं.

दुसरं म्हणजे, मी स्वतः दिसले की लोक माझ्या नाकावर निबंध लिहितात. म्हणून तुला पुढं केलं. हे लिहिताना लाज वाटते आहे.

आणि आता पंचाईत अशी, की एका दोऱ्याच्या कंपनीच्या बाईंनी तो व्हिडिओ पाहिला. त्यांना असे आणखी दहा हवेत. मला ते कपबशांचं दुकान सोडता येईल. तिथं दिवसभर मी कपांचे फोटो काढते आणि कुठला कान कुठं वळवायचा ते मालक ठरवतो. पहिल्यांदाच काहीतरी मी ठरवलेलं लोकांना आवडलं, गं. तू नको म्हणालीस तर आजच काढून टाकते. काय करू?

चुरगळलेला का होईना, लोभ असू द्यावा.

तुझी
भिंगरी

ता. १७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, या वेळी बिनशर्त.

विचारलंस ते बरं केलंस, पण कपडा शिवून झाल्यावर माप घेते आहेस.

लोकांनी मला पाहू नये, असं माझं म्हणणं नाही. मी काय पडद्यात बसते? पण मला आजवर वाटायचं, चित्रातली बाई आणि चित्र काढणारी बाई, दोघी बायकाच असल्या म्हणजे भांडण मिटलं. नाही मिटत. तुझा मालक जसा कपाचा कान वळवतो, तसा तू माझा वळवलास.

तो व्हिडिओ काढून टाक. पुन्हा कधी दाखवायचं झालं तर तीन गोष्टी. काळ सरळ चालेल. आवाज माझा राहील. आणि आधी मी बघेन. कंपनीचं तुझं तू ठरव. तू लहान नाहीस, आणि उद्या कपबशा पुसताना माझ्या नावानं बोटं मोडलेली मला चालणार नाहीत.

नाकाविषयी. ते माझ्या आईचं आहे. तिला त्याबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

लोभाला इस्त्री लागली आहे. बाही अजून बाकी.

तुझी
मावशी

ता. २ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आज नुसता वाकून.

व्हिडिओ काढून टाकला. मी तो उलटा फिरवला होता, असं त्याच जागी स्वतःचं तोंड दाखवून सांगितलं. लोकांनी शिव्या दिल्या आणि नाकालाही सोडलं नाही. पण या वेळी नाक मी स्वतः पुढं केलेलं होतं, तेवढं लागलं नाही.

कंपनीच्या बाईंना तुझ्या तिन्ही गोष्टी सांगितल्या. त्या चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या, उसवणाऱ्या बाईवर आमचा दोरा खपायचा कसा? मला हसू आलं आणि मग दिवसभर काही सुचेना. अजून कपबशांतच आहे.

सोबत फोन उभा करायचा स्टँड पाठवते. लाल बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. दाबणारी तू. वाटलं तर.

लोभ असू द्यावा, बाहीसकट.

तुझी
भिंगरी

ता. १५ डिसेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

बेकरीवालीच्या मुलीकडून दोन व्हिडिओ पाठवले आहेत. पहिल्यात नुसतं माझं कोपर आहे, ते संग्रही ठेव. दुसरा बघ आणि कळव.

मावशी

ता. २० डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पाहिला. काकांना झापतेस तिथं मी इतकी हसले, की मालक बघायला आला. पण मध्येच अस्तर उसवताना एक स्क्रू टेबलावर पडतो. तू तो उचलतेस आणि काही बोलत नाहीस. अकरा सेकंद. मागे नळ टपटपतो आहे. मग तू म्हणतेस, हा कुठल्या लिफ्टचा राहिला कोण जाणे, आणि पुन्हा कात्री घेतेस.

ते अकरा सेकंद ठेवू की कापू? कुणाला दाखवायच्या आधी विचारते आहे.

तुझी
भिंगरी

ता. २७ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लाल बटणापर्यंत माझा हात पोचत होता. मी दाबलं नाही.

ठेव. व्हायोलिन लावलंस तर मात्र कान पिळीन.

पिशवी झाली. पाच जाडी पुस्तकं मावतात आणि पट्टा बाहीचा केला आहे. स्क्रू आतल्या कप्प्यात आहे. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, शिवून घेतली कुठं? मी म्हटलं, आधी उसवली कुठं ते विचारा.

लोभाला कडक इस्त्री करून पाठवते आहे. घडीत ठेवू नको, वापर.

तुझी
मावशी