झाकणवीराचं फडकं कोणी शिवलं

आदरणीय विहीणबाई यांस (रागावलेल्या असल्या तरी आदरणीयच),

तुमच्या मुलाच्या सासूचा शिलाई मशीनवरून नमस्कार. गुडघा कसा आहे? डावा विचारते आहे, उजव्याची चौकशी मागच्या भेटीत झाली होती, भांडणाच्या आधी. व्याह्यांचा खोकला गेला का, की अजून तुम्ही खोलीत आलात की सुरू होतो? मी ठणठणीत आहे, तुम्हाला वाईट वाटलं तरी. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागदावर काय करणार? मी चौथीपर्यंतच शिकलेली, चुका सापडतील. तुम्ही जन्मभर गणिताच्या बाई, तुमचा हात लाल पेनाकडे जाणारच, पण निदान मार्क देऊ नका.

आपलं बोलणं बंद होऊन चार महिने झाले. दोन विहिणी भांडल्या म्हणजे लोकांना वाटतं, काहीतरी मोठं कारण असणार. लोकांना काय सांगायचं, की आपण कार्टूनवरून भांडलो? तुम्हाला सगळंच आठवतं, तरी माझ्या बाजूने एकदा ऐका. कार्टूनमधला झाकणवीर दिवसा कँटीनमध्ये आचारी. संकट आलं की पातेल्याचं झाकण ढालीसारखं हातात, पाठीला लाल फडकं, आणि गडी उडाला. लेकीच्या घरी जेवताना मी सहज म्हटलं, याच्या मावशीला याचं गुपित दुसऱ्या भागापासूनच माहीत असतं, कारण फाटलेलं फडकं दर वेळी तीच रफू करते. तुम्ही चमचा खाली ठेवलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, मावशीला शेवटपर्यंत काही कळत नाही, तुम्हाला स्वप्न पडलं असेल. मी म्हटलं, स्वप्न पडायला झोप लागते, ती सगळी तुम्ही वर्गातल्या मुलांना वाटून टाकलीत. (हे तुम्हाला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.) तेव्हापासून तुम्ही तिकडे, मी इकडे. आता लेकीने कळवलंय, की दोघी एका टेबलावर बसणार नसाल तर नव्या घरात जेवायला दोघींनाही बोलावणार नाही. पोरगी माझी, पण हुकूम सोडायला तुमच्याकडे शिकली.

तेव्हा मी पुरावाच काढायला बसले. जावईबापूंनी टीव्हीच्या मागे एक काडी खुपसून दिली, तिच्यात बावन्नच्या बावन्न भाग. अडचण मशीनची. उजेडासाठी ते खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझी पाठ कायम टीव्हीला. मशीन फिरवायला शेजारची नर्स आली (रिटायर झाली, पण चालते अजून स्ट्रेचरच्या मागे असल्यासारखी). मशीन फिरलं आणि तिच्याच अंगठ्यावर उतरलं. तिने स्वतःच पट्टी बांधली, स्वतःलाच चार दिवस हलू नको म्हणून दटावलं आणि चारही दिवस माझ्या सोफ्यावर पाय वर करून झाकणवीर बघितला. तिला मी साक्षीदार नेमलं होतं. साक्षीदार दुसऱ्या भागातच घोरायला लागली.

मी मात्र शिवता शिवता बघत होते. आजवर पाठ करून शिवलं तेव्हा टाका इकडचा तिकडे झाला नाही, आणि तोंड टीव्हीकडे झाल्यावर बस कंडक्टरच्या पँटचा खिसा गुडघ्यावर बसला. तो पँट घालूनच आला, म्हणाला, काकू, सुटे द्यायला मी दर वेळी वाकू का? मी म्हटलं, वाक की, पॅसेंजरला नमस्कार केल्यासारखं वाटेल. हसला नाही. हल्ली लोक लवकर रुसतात, तुम्हाला काय सांगायचं.

तर दुसरा भाग बघितला. रफू नाही. म्हटलं, पुढे असेल. पाचवा, नववा, बारावा. फडकं एका भागात टराटरा फाटतं आणि पुढच्या भागात कोरं करकरीत. मध्ये कोणी शिवलं, कधी शिवलं, कोणी विचारतसुद्धा नाही. माझी सगळी भिस्त सतराव्या भागावर होती. झाकणवीराचा दुश्मन डॉक्टर धुरळा मावशीकडे कोटाचं बटण लावून घ्यायला येतो, मावशी जळकी बाही बघून त्याला ओळखते आणि बोलता बोलता दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकते. हात आतच, धुरळा पकडला. हा भाग मला तोंडपाठ. आणि टीव्हीवर काय, तर धुरळा पाय घसरून पाण्याच्या टाकीत पडतो. मावशी त्या भागात नाहीच. तीनदा मागे नेऊन बघितलं, तीनदा पडला मेला. नर्स अर्धवट जागी होऊन म्हणाली, वॉर्डातली मावशी ना, ती मघाशी ट्रे घेऊन आली होती.

मग डोक्यात उजेड पडला. अहो, मी ही मालिका कधी बघितलीच नव्हती. माझी पाठ टीव्हीला, मशीनची खडखड, मला ऐकू काय येणार? आमचे हे खुर्चीत बसून बघायचे आणि मला ओरडून गोष्ट सांगायचे. यांनी बत्तीस वर्षं लिफ्ट चालवली. लोक आत शिरून काहीतरी सांगायला लागायचे आणि अर्ध्यावर उतरून जायचे. उरलेली गोष्ट हे घरी येऊन आपल्या मनाने पुरी करायचे, तीच खोड. एकदा मी विचारलं, काल फाटलेलं फडकं आज नवं कसं? हे म्हणाले, मावशीने शिवलं, टेलर आहे ती. त्यानंतर मावशीशिवाय एक भाग गेला नाही. बदमाश माणूस. मी फोटोशी भांडून बघितलं, पण उलट उत्तर येत नाही, मग राग धरून ठेवायला मजा येत नाही.

तेव्हा एवढंच कळवायचं होतं, की मी मालिका नीट तपासली आहे आणि माफी वगैरे मागायचा माझा विचार नाही.

तुमची,
न रुसणारी विहीण

ता. क. : वरची ओळ खोडता येत नाही, पेन गळतंय. तुमचं बरोबर होतं. लेकीच्या टेबलावर सगळ्यांसमोर तसं म्हणेन, फक्त तेव्हा व्याह्यांकडे बघून हसू नका.

ता. क. २ : आता खरं काम. मी एक्केचाळीस भागच बघितलेत. हे गेले तेव्हा मालिका तिथवर आली होती, मग मी टीव्ही लावलाच नाही. पुढचे अकरा मला कोणी सांगितलेले नाहीत आणि एकटीने बघवत नाहीत. मशीन मी परत खिडकीकडे फिरवून घेतलंय. यांची खुर्ची रिकामी आहे, गुडघ्याखाली उशी देईन. तुम्ही बघा आणि मला सांगा, जरा मोठ्याने. खोटं तुमच्या जिभेवर येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी जमलं तर मावशीला थोडं काम द्या.