वायरिंग माझं, कान दादाचे

४ जानेवारी
वि.च्या पॅनेलखाली उताणा पडून मान आखडली. (म्हणजे विमान; सबंध शब्द पुन्हा लिहायचा धीर नाही, म्हणून वि.) दादाने गावाच्या टोकाला, हजिऱ्यापलीकडच्या भाड्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं वि. बांधलं. पंख, चाकं, इंजिन, सगळं त्याने बसवलं. ऑडिओ आणि इंटरकॉमच्या तारा तेवढ्या धाकट्या भावाच्या गळ्यात. "पंडित, बारीक काम आहे, तूच कर यार." कॉलेजात भारतीय दर्शनं शिकवतो: शब्द, म्हणजे ध्वनी, हा आकाशाचा गुण. तो तिथे ऐकूही यावा ही जबाबदारी माझ्यावर पडेल, असं एकाही टीकाकाराने लिहून ठेवलेलं नाही.

इंजिन सुरू असताना खांद्याला खांदा लावून बसलेल्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून हेडसेट, माइक. रेडिओवर खालून येणाऱ्या सूचनाही याच तारांतून. थांब. बाजूला हो. उतरू नकोस, धावपट्टीवर गाय आहे. सोल्डरिंगचा एक टाका कच्चा राहिला तर दादा

नको.

७ जाने.
हेडसेटमध्ये भुणभुण. कारण सापडलं: जॅकचा धातू वि.च्या पत्र्याला टेकत होता, मधला फायबरचा वॉशर मी विसरलेलो. घातला. माझ्या कानात आता देवघरासारखी शांतता. दादा मात्र: "अजून साफ नाही येत." त्याचा व्हॉल्यूम पार टोकाला. सगळ्या तारा पुन्हा मीटर लावून तपासल्या. दोष सापडत नाही. म्हणजे तो नीट लपून बसलाय.

९ जाने.
आज पास! चाचणीची युक्ती दादाची. लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायचो तशी नक्षत्रं म्हणायची, एक मी, एक त्याने. शेडच्या अंगणात चाकांना लाकडं लावली, इंजिन सुरू. मी अश्विनी, तो भरणी. मी कृत्तिका, तो रोहिणी. रेवतीपर्यंत एकही चूक नाही. दादा खूश. दर वेळी माझ्याकडे वळून बघत होता. म्हाताऱ्याला माया सुटली, म्हटलं.

वहिनी डबा घेऊन आली होती. "भावजी, खरं सांगा, ह्यांना वर सगळं ऐकू येईल न? नाहीतर मी तर जाऊच नाही देणार."
"वहिनी, वायरिंग मी केलंय."
"म्हणून तर विचारते!"

२१ला दिल्लीचा तपासनीस येणार. तो हो म्हणाला की पुढच्या महिन्यात पहिलं उड्डाण. दादा एकटा.

११ जाने.
वर्गात शिकवताना मध्येच थांबलो. दादाच्या बाजूच्या माइकचा टाका डोळ्यांपुढे आला. मुलांना वाटलं, सर चिंतनात आहेत.

१३ जाने.
लिहू का? लिहितो.

पुन्हा चाचणी, पुन्हा नक्षत्रं. मी "हस्त" म्हणालो आणि जाणवलं, माझा स्वतःचा आवाज माझ्या हेडसेटमध्ये येत नाहीये. खाली पाहिलं. माझ्या माइकचा प्लग निसटून गुडघ्याशी लोंबत होता. कधीचा, कोण जाणे. म्हणजे माझा एक शब्दही दादापर्यंत जात नव्हता.

दादा म्हणाला, "चित्रा."

मी नुसते ओठ हलवले. स्वाती.

"विशाखा," दादा म्हणाला. चेहऱ्यावर समाधान.

ही माळ त्याला झोपेतही पाठ आहे. आम्ही तपासत काय होतो? मायेने वगैरे बघत नव्हता तो. ओठ बघत होता.

प्लग लावला. पुढचं नक्षत्र म्हटलं.

१४ जाने.
संक्रांत. वहिनीचा तिळगूळ खिशात तसाच. हेडसेट बदलले, मग सीटही बदलल्या. तो माझ्या जागी, मी त्याच्या. त्याच्या जागी मला लख्ख ऐकू आलं. माझ्या जागी त्याला "साफ नाही". देवा, दोष तारेत असू दे, अशी प्रार्थना करणारा मी जगातला पहिलाच वायरमन असेन.

शेवटी दादाने सुरुवात केली, "अश्विनी." मी पलीकडे, लांबवर दिसणाऱ्या किल्ल्याकडे तोंड फिरवलं नि माइकमध्ये स्पष्ट विचारलं, "दादा, वहिनीने आज डब्यात काय दिलंय?"

थोडं थांबून तो म्हणाला, "कृत्तिका."

१६ जाने.
बोललो. इंजिन बंद, समोरासमोर बसून.

आधी चिडला. "वायरिंग तुझं कच्चं, नि दोष माझ्या कानात?"
मग पाना पुसत म्हणाला,
"उजवा तर गेलाच आहे. इंजिनाच्या आवाजात डावाही जातो. परवान्याच्या गेल्या तपासणीत डॉक्टर समोर बसून बोलत होता, निभलं."
"रेडिओवर कोणाचं तोंड दिसणार आहे, दादा?"
"पट्टी रिकामी असते रे. कोण काय सांगणार आहे?"
"गाय आहे म्हणून सांगेल."
हसला. मला हसू आलं नाही.

मग म्हणाला, तपासणीच्या वेळी तू वि.समोर उभा राहा, लांब तारेवरचा तिसरा हेडसेट लावून. तपासनीस काही विचारेल आणि मला हो म्हणायचं असेल तेव्हा अंगठा वर कर. बस. "आयुष्यभर जमिनीवरच राहिलो, पंडित. एकदा तर जाऊ दे."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. मोठ्या भावाने मागितलेलं नाकारायची सवयच नाही या घरात.

१९ जाने.
जेवण जात नाही. वहिनी विचारते, "तब्येत ठीक आहे न?" तिला सांगितलं तर वि. आजच कुलूपबंद. न सांगितलं तर

२१ जाने. दुपार
शेडबाहेर पायरीवर बसून लिहितोय.

तपासनीस भला माणूस. तारांचे जुडगे बघून "किसने किया? बढ़िया है," म्हणाला. एरवी फुगलो असतो. मग दादाशेजारी बसला. इंजिन सुरू. मी समोर, हेडसेट लावून. थंडी होती, त्याने मफलर नाकावर ओढला आणि विचारलं, "आवाज़ साफ़ आ रही है, सर?"

मला लख्ख ऐकू आलं. काचेतून दादा माझ्याकडे बघत होता. मफलरकडे नाही, माझ्या हाताकडे.

हात कोटाच्या खिशात होता. काढला नाही. ठरवलं होतं म्हणून नव्हे. निघालाच नाही.

त्याने पुन्हा विचारलं. दादा माझ्याकडेच बघत राहिला. मग त्याने स्वतःच इंजिन बंद केलं.

दोघे खाली उतरले. आता कुंपणाशी उभे आहेत. वहिनी चहा घेऊन आली. "काय भावजी, झालं पास?" म्हटलं, बोलताहेत.

अजून बोलताहेत. तपासनिसाने मफलर खाली घेतलाय. दादा त्याच्या तोंडाकडे इतकं टक लावून बघतोय की लांबून कोणालाही वाटावं, केवढ्या आदराने ऐकतोय.